राउटरचा लॉग रस्त्याकडे नको, घराकडे तोंड करून बसवा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. तुम्ही घरच्या राउटरवर सिक्युरिटी लॉग (राउटरची नोंदवही) आणि कंटेंट फिल्टर दोन्ही चालू केलेत. दुसऱ्या दिवशी लॉग उघडला तर 'डॉस अटॅक', 'पोर्ट स्कॅन' अशा शेकडो ओळी. फिल्टरमध्ये नको असलेल्या साइट्सची नावं एकेक करून टाकलीत, तरी मुलाच्या फोनवर त्या आरामात उघडतात. लॅपटॉपवर कधी उघडतात, कधी नाही. तेव्हा घरावर हल्ला चाललाय का, फिल्टर बिघडलाय का, चांगला राउटर घ्यावा का आणि लॉग रोज ईमेलवर मागवावा का, हे तुम्हाला हवंय.

हल्ला बहुधा नाही. फिल्टर बिघडलेला नाही, त्याला जमतं तेवढं तो करतोय. नवा राउटर एवढ्यात नको. ईमेलचं शेवटी सांगतो. मी वीसेक वर्षं लहानमोठ्या कार्यालयांची नेटवर्क सांभाळतोय आणि त्या निमित्ताने ओळखीपाळखीच्या लोकांचे घरचे राउटरही बघतो. जवळजवळ प्रत्येक घरी हीच गफलत दिसते. लॉग रस्त्याकडे तोंड आणि घराकडे पाठ करून बसलेला असतो. फिल्टर अशा जागी असतो की आजकालची बरीचशी ये-जा त्याच्यासमोरून होते, पण त्याला कळत नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. राउटर इंटरनेट कंपनीने दिलेला असेल तर निम्म्या सेटिंग्ज तुम्हाला दिसणारच नाहीत. मुलं सहा वर्षांची आहेत की सोळा वर्षांची, यावर फिल्टरची सगळी आखणी बदलते. आणि लॉग वाचणार कोण? तुम्ही एकटेच असाल, तर दिवसाला पाच हजार ओळींचा लॉग म्हणजे नव्याचे नऊ दिवस. दहाव्या दिवसापासून तो कोणीही उघडत नाही. म्हणून मी लॉग लावताना आधी कमी काय करता येईल ते बघतो.

आता त्या भीती घालणाऱ्या ओळी. आयपी म्हणजे इंटरनेटवर यंत्रांना पत्ते देणारी पद्धत; तिच्या चौथ्या आवृत्तीत सगळे मिळून सुमारे ४३० कोटी पत्ते आहेत. आकडा अवाढव्य वाटतो, पण २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 'झेडमॅप' नावाचं साधन तयार केलं आणि गिगाबिट जोडणी असलेल्या एकाच यंत्रावरून हा सगळा पसारा पाऊण तासाच्या आत चाळून दाखवला. इंटरनेटवरचा कुठलाही पत्ता दिवसरात्र कोणी ना कोणी चाचपून जातं, ते असं. त्यात तुमच्या घराशी कोणाचं वैर नाही. येणारा-जाणारा प्रत्येक दाराची कडी हलवून बघतोय, एवढंच. राउटरची फायरवॉल (अनोळखी ये-जा अडवणारा पहारा) ते पॅकेट, म्हणजे आलेला माहितीचा तुकडा, टाकून देते आणि तशी ओळ लिहिते. ती ओळ म्हणजे दार बंद असल्याची पावती आहे.

त्यातल्या बऱ्याच ओळी तर चाचपणीच्याही नसतात. 'अ‍ॅक स्कॅन' असं लिहिलेल्या ओळी काढा आणि पाठवणाऱ्याचा पोर्ट, म्हणजे यंत्राच्या दाराचा नंबर, बघा. तो ४४३ (वेबसाइट्सचा नेहमीचा पोर्ट) असेल आणि पत्ता एखाद्या मोठ्या सेवेचा असेल, तर बहुधा तुम्हीच उघडलेल्या साइटचं ते उशिरा आलेलं उत्तर आहे. ब्राउझरचा टॅब बंद झाला, राउटरने ती जोडणी आपल्या तक्त्यातून पुसली, आणि मग समोरच्या सर्व्हरची दोन-चार पॅकेट येऊन पोहोचली. राउटरला ती अनोळखी वाटली, त्याने 'हल्ला' म्हणून नोंद केली. साप साप म्हणून भुई धोपटण्याचा हा प्रकार. आणखी एक बघा: राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला असेल, तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलंय. अशा घरी बाहेरची चाचपणी जवळजवळ पोहोचतच नाही. तिथे शेकडो 'हल्ले' दिसत असतील तर ते बहुतांश हेच भुताचे खेळ.

म्हणून बाहेरून आलेल्या आणि अडवलेल्या पॅकेटची नोंद मी घरच्या राउटरवर सरळ बंद करतो. अपवाद एकच. तुम्ही एखादा पोर्ट मुद्दाम उघडला असेल, म्हणजे घरचा कॅमेरा किंवा फाइल सर्व्हर बाहेरून बघता यावा म्हणून, तर त्या पोर्टवर 'आत घेतलेल्या' प्रत्येक जोडणीची नोंद ठेवा. अडवलेल्यांपेक्षा आत आलेले महत्त्वाचे. बाहेरून राउटरचं पान उघडण्याची सोय चालू असेल तर तिची नोंदबिंद ठेवत बसू नका, ती सोयच बंद करा.

लॉगचं खरं काम घरातून बाहेर जाणाऱ्या गोष्टींवर नजर ठेवण्याचं आहे. एकदा एका परिचितांनी नेट फार हळू चालतंय म्हणून बोलावलं. कंपनीकडे दोनदा तक्रार झाली होती, राउटर बदलून झाला होता. मी बाहेर जाणाऱ्या जोडण्यांचा लॉग चालू केला आणि पहिल्याच मिनिटाला कारण सापडलं. कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी एक जुनी पेटी दर मिनिटाला शेकडो अनोळखी पत्त्यांना २३ नंबरच्या पोर्टवर हाका मारत होती. पेटीचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच, आणि तिने यूपीएनपीच्या (यंत्रांना राउटरचे पोर्ट आपणहून उघडू देणाऱ्या) सोयीने राउटरमध्ये स्वतःसाठी दार पाडून घेतलेलं. जुना राउटर गेला, नवा आला, नव्यातही यूपीएनपी चालूच होतं, त्यामुळे दारही पुन्हा पडलं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं चाललं होतं.

हीच युक्ती २०१६ मध्ये 'मिराई'ने जगभर वापरली. कारखान्यातल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या घेऊन तो प्रोग्राम टेलनेटवरून (दूरच्या यंत्रात शिरण्याची जुनी सोय) कॅमेरे आणि राउटर धुंडाळत सुटला. अशा यंत्रांच्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी 'डाइन' या डीएनएस सेवेवर (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा) मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स कित्येकांना तासन्‌तास उघडेनात. मिराई फक्त मेमरीत राहायचा. यंत्र बंद करून चालू केलं की नाहीसा व्हायचा, पण पासवर्ड तोच असला की पुन्हा लागण.

यावरून मी घरोघरी एक स्वस्त सापळा लावतो. घरातून बाहेर जाणारे २३, २३२३ आणि २५ हे पोर्ट अडवायचे आणि अडवल्याची नोंद ठेवायची. २३ आणि २३२३ टेलनेटचे, साध्या घरात त्यांचं काम पडत नाही. २५ मेल सर्व्हरांच्या आपसातल्या देवाणघेवाणीचा; तुमचं मेल अ‍ॅप ५८७ किंवा ४६५ वापरतं. म्हणजे एरवी या नियमाची एकही ओळ लॉगमध्ये पडायला नको. पडली, तर त्या दिवशी घरातलं एखादं यंत्र आपलं राहिलेलं नाही असं समजून शोध घ्यायचा. महिनोन्‌महिने गप्प बसून एकदाच बोलणारा असा लॉग वाचला जातो.

याशिवाय मी ठेवतो त्या नोंदी: राउटरच्या पानावर कोण शिरलं आणि कोणाचा पासवर्ड चुकला, कुठली सेटिंग बदलली, नवं यंत्र वायफायवर आलं आणि त्याला कुठला पत्ता मिळाला, यूपीएनपीने पोर्ट उघडला का, फर्मवेअर (राउटरचा आतला प्रोग्राम) बदललं का, राउटर कधी रीस्टार्ट झाला. सेटिंग बदलल्याची नोंद कंटाळवाणी वाटते, पण डीएनएसचा पत्ता गुपचूप बदलणं ही जुनी आणि फार कामाची चोरी आहे. 'डीएनएस चेंजर' नावाच्या प्रकरणात नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयने टोळी पकडली तेव्हा शंभराहून अधिक देशांतले सुमारे ४० लाख संगणक चोरांच्या डीएनएसकडे वळवलेले निघाले. ते सर्व्हर एकदम बंद केले असते तर त्या सगळ्यांचं इंटरनेट बंद पडलं असतं, म्हणून त्यांच्या जागी तात्पुरते स्वच्छ सर्व्हर ठेवून ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले. तुमच्या राउटरवरचा डीएनएस पत्ता आत्ता काय आहे ते कागदावर लिहून ठेवा. नंतर कधी तो वेगळा दिसला तर कळेल तरी.

लॉगच्या नोंदींना शून्य ते सात अशा आठ पायऱ्या असतात. शून्य म्हणजे यंत्र बुडालं, सात म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठीचा बारीकसारीक तपशील. राउटरवर विचारलं तर पाचपर्यंत ठेवा. सात नंबर चालू करून विसरून जाणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत, आणि त्यांच्या लॉगमध्ये जेमतेम वीस मिनिटांचा इतिहास उरलेला असतो.

असं का होतं? घरच्या राउटरचा लॉग बहुतेक वेळा मेमरीत, ठरावीक आकाराच्या चक्रात राहतो. नवी ओळ आली की सगळ्यात जुनी पुसली जाते, आणि वीज गेली की सगळाच साफ. २०१८ च्या मे महिन्यात 'व्हीपीएनफिल्टर' नावाच्या घुसखोर प्रोग्रामने पाच लाखांवर राउटर आणि साठवणपेट्या बाधित केल्याचं सिस्कोच्या टॅलोस गटाने सांगितलं आणि एफबीआयने लोकांना राउटर रीस्टार्ट करण्याचं आवाहन केलं. सल्ला योग्यच होता, पण ज्याने लॉग आधी बाहेर काढला नाही त्याच्या घरात काय घडलं होतं याचा पुरावाही त्या रीस्टार्टबरोबर गेला. म्हणून काही संशयास्पद वाटलं तर आधी लॉग कॉपी करा, मग बटण दाबा.

कायमचा उपाय म्हणजे लॉग दुसऱ्या यंत्रावर पाठवणं. राउटरमध्ये 'रिमोट सिसलॉग' किंवा 'लॉग सर्व्हर' असा पर्याय शोधा. तिथे घरातल्या सतत चालू असणाऱ्या यंत्राचा पत्ता टाकायचा. रास्पबेरी पाय (छोटासा संगणक), साठवणपेटी, जुना लॅपटॉप, काहीही चालतं. सिसलॉग साधारणपणे यूडीपीच्या ५१४ पोर्टवर जातो. त्यात ना पोचपावती ना कुलूप, मजकूर उघडाच असतो. घरातल्या घरात ठीक, पण हा पोर्ट बाहेरच्या जगाला कधीही उघडू नका. राउटरमध्ये पेनड्राइव्ह खोचून त्यावर सतत लॉग लिहिण्याची सोय काही ठिकाणी असते. राउटरच्या आतल्या फ्लॅशवर मात्र सतत लिहू नका. तिच्यावर पुसून-लिहिण्याला मर्यादा असते आणि ती झिजली की राउटरच जातो.

दोन क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी, ज्यांच्यावाचून लॉग म्हणजे रद्दी. पहिली, घड्याळ. बऱ्याच राउटरमध्ये घड्याळासाठी बॅटरी नसते. सुरू होताना ते १ जानेवारी १९७० पासून किंवा फर्मवेअर तयार झालं त्या तारखेपासून मोजायला लागतात आणि इंटरनेटवरून वेळ मिळाली की भानावर येतात. मी एकदा अर्धी रात्र एका कार्यालयातल्या 'गायब' नोंदी शोधण्यात घालवली. त्या होत्याच, फक्त १९७० सालात होत्या. एनटीपी (इंटरनेटवरून वेळ घेण्याची सोय) चालू करा आणि वेळेचा विभाग तपासा.

दुसरी, नावं. लॉगमध्ये १९२.१६८.१.३७ असं दिसलं आणि ते कोणाचं यंत्र हे माहीत नसलं तर वाचून काय उपयोग? डीएचसीपीमध्ये (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणारी राउटरची सोय) प्रत्येक यंत्राला ठरावीक पत्ता राखून द्या आणि नाव द्या. इथे फोन आडवे येतात. अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला आपला खरा मॅक पत्ता (कारखान्यातून मिळालेला यंत्राचा ओळख-नंबर) न दाखवता बनावट पत्ता दाखवतात. बाहेरच्या वायफायवर ही फार चांगली गोष्ट आहे, घरी मात्र एकच फोन दोन-तीन अनोळखी यंत्रं बनून लॉगमध्ये नाचतो. ओळखायची खूण सोपी: मॅक पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुधा बनावट. फोनमध्ये फक्त घरच्या नेटवर्कपुरती ही सोय बंद करता येते.

आता फिल्टर. तुमच्या राउटरमधली साइट्सची यादी, किंवा 'या शब्दाची पानं अडवा' हा पर्याय, साध्या एचटीटीपीच्या, म्हणजे वेबपानं उघड्यावर पाठवणाऱ्या पद्धतीच्या, काळातला आहे. तेव्हा कुठलं पान मागितलं हे राउटरला वाचता यायचं. एचटीटीपीएसमध्ये पत्त्यातला साइटनंतरचा भाग आणि पानाचा मजकूर कुलूपबंद असतो. जोडणी सुरू होताना साइटचं नाव तेवढं एकदा उघडं जातं, तेही आता लपवण्याची सोय येतेय. म्हणून तुमची यादी कधी लागू होते, कधी नाही; लॅपटॉप आणि फोनमधला फरक बहुधा यातूनच येतोय. शिवाय अशी छाननी करायची तर राउटरला प्रत्येक पॅकेट प्रोसेसरकडे न्यावं लागतं, त्याचा वेगवान मार्ग बंद होतो आणि नेट मंदावतं.

घरासाठी व्यवहार्य जागा एकच, डीएनएस. कुठलंही यंत्र साइट उघडण्याआधी तिच्या नावाचा पत्ता विचारतं. तो विचारण्याच्या क्षणीच नकार द्यायचा. पानाला हात लावावा लागत नाही, वेग कमी होत नाही, आणि तोच प्रश्न लॉगमध्येही उतरतो. लॉग आणि फिल्टर ही दोन कामं इथे एकाच जागी येतात, म्हणून तुमचे दोन प्रश्न मी वेगळे धरत नाही.

सगळ्यात सोपी सुरुवात म्हणजे राउटरचा डीएनएस बदलणं. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ हा पत्ता घातक आणि प्रौढ साइट्स दोन्ही अडवतो, १.१.१.२ फक्त घातक. क्वाड९ चा ९.९.९.९ घातक साइट्स अडवतो, प्रौढ मजकुराच्या भानगडीत पडत नाही. ओपनडीएनएसचा फॅमिलीशील्ड २०८.६७.२२२.१२३ वर आहे. यात एक चूक इतके लोक करतात की मोजणं सोडलंय: पहिल्या रकान्यात गाळणारा पत्ता आणि दुसऱ्यात 'पर्यायी असू द्या' म्हणून गूगलचा न गाळणारा ८.८.८.८. दुसरा पत्ता पहिला पडला तरच वापरला जाईल याची खात्री नसते. यंत्रं कोणालाही विचारतात, आणि फिल्टर 'कधी चालतो, कधी नाही' असा होतो. दुसऱ्या रकान्यातही त्याच सेवेचा जोडपत्ता टाका; १.१.१.३ चा जोडीदार १.०.०.३.

यात कमतरता अशी की अख्खं घर एक दिसतं. कोणत्या यंत्राने काय विचारलं ते कळत नाही आणि मुलांसाठी वेगळा नियम लावता येत नाही. ते हवं असेल तर घरातच डीएनएस गाळणारा प्रोग्राम, म्हणजे पाय-होल किंवा अ‍ॅडगार्ड होम बसवा. ज्या रास्पबेरी पायवर सिसलॉग येतोय त्यावरच यातलं कुठलंही एक मावतं. हे बसवल्यावर त्याचा पत्ता राउटरच्या डीएचसीपीत, म्हणजे घराकडच्या बाजूला, द्यायचा. लोक तो इंटरनेटकडच्या रकान्यात टाकतात, मग प्रत्येक प्रश्न राउटरच्याच नावावर पडतो आणि 'सगळं राउटर बघतोय' असा विनोदी अहवाल येतो.

एवढं झाल्यावर पळवाटा. फिल्टर लावणं तासाभराचं काम, पळवाटा बुजवणं चार संध्याकाळींचं.

पहिली, यंत्रात हाताने लिहिलेला डीएनएस. राउटरवर नियम करा की ५३ पोर्टवर (डीएनएसचा नेहमीचा पोर्ट) बाहेर जाणारं सगळं तुमच्या फिल्टरकडेच वळेल. फिल्टर चालवणाऱ्या यंत्राला तेवढी सूट द्या, नाहीतर तो स्वतःलाच प्रश्न विचारत बसेल. वळवणं जमत नसेल तर अडवा. दुसरी, आयपीची सहावी आवृत्ती. राउटर चौथ्या आवृत्तीत तुमचा डीएनएस देतो आणि सहाव्यात कंपनीचा. फोन खुशाल सहाव्याने विचारतो. 'मुलाच्या फोनवर उघडतंच' या तक्रारीत मी सगळ्यात आधी हेच तपासतो. तिसरी, कुलूपबंद डीएनएस. एक प्रकार ८५३ पोर्टवर चालतो, तो अडवणं सोपं. अँड्रॉइडमधला 'प्रायव्हेट डीएनएस' स्वयंचलित असेल तर तो मुकाट साध्या डीएनएसवर येतो; त्यात कोणी सेवेचं नाव लिहिलं असेल तर मात्र फोन 'इंटरनेट नाही' म्हणून अडून बसतो. एका अर्थी तीही नोंदच आहे, कारण नाव आपोआप लिहिलं जात नाही. दुसरा प्रकार एचटीटीपीएसच्या पोटातून, ४४३ वरून जातो. तो इतर साइट्ससारखाच दिसतो. फायरफॉक्ससाठी एक राजमार्ग आहे: 'यूज-अ‍ॅप्लिकेशन-डीएनएस डॉट नेट' या नावाला तुमच्या फिल्टरने 'असं नावच नाही' असं उत्तर दिलं की ब्राउझर आपणहून सुरू केलेला असा डीएनएस बंद ठेवतो. वापरणाऱ्याने स्वतः चालू केला असेल तर ऐकत नाही. बाकी अशा सेवांच्या नावांच्या याद्या मिळतात, त्या फिल्टरमध्ये भरा. शंभर टक्के बंदोबस्त होत नाही.

चौथी पळवाट व्हीपीएन (सगळी ये-जा दुसऱ्याच सर्व्हरमार्गे कुलूपबंद नेणारी सोय) आणि पाचवी मोबाइलचा स्वतःचा डेटा. त्यांच्यासाठी राउटरवर उत्तर नाही. फोनने वायफाय सोडलं की तुमचा राउटर चित्रातच नाही; तिथे फोनमधलीच पालक-नियंत्रणाची सोय वापरावी लागते. सोळा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मी त्याच्याशी बोलायला सांगतो, कारण तांत्रिक शर्यतीत तो तुमच्या पुढे असण्याची शक्यता जास्त.

डीएनएस अख्खी साइट अडवतो किंवा अख्खी सोडतो. व्हिडिओच्या साइटवरचा एक चॅनल अडवणं त्याच्या हातात नाही. शोध मात्र सौम्य करता येतो. फिल्टरमध्ये गूगलच्या शोधाचं नाव 'फोर्स-सेफ-सर्च' या गूगलच्याच नावाकडे वळवलं की सुरक्षित शोध सक्तीचा होतो, आणि यूट्यूबचं नाव त्याच्या 'रिस्ट्रिक्ट' नावाकडे वळवून प्रतिबंधित रूप मिळतं. पाय-होलमध्ये हे हाताने लिहावं लागतं, अ‍ॅडगार्ड होममध्ये सुरक्षित शोधाचं बटण आहे.

रात्री दहानंतर नेट बंद, असा वेळेचा नियम लावलात तर एक गोष्ट चक्रावून टाकेल. दहा वाजून गेले तरी चालू असलेला व्हिडिओ चालूच राहतो. अनेक राउटर नवा नियम फक्त नव्या जोडण्यांना लावतात. आधीपासून चालू असलेली जोडणी तुटेपर्यंत जाऊ देतात. नियम फसलेला नाही. राउटरला त्या वेळी जुन्या जोडण्या तोडायला सांगण्याची सोय असेल तर ती लावा, नाहीतर मुलांचं वायफाय वेगळ्या नावाने ठेवून ते नावच वेळेवर बंद करा.

कुठून सुरू करायचं, एवढंच पुन्हा सांगतो. आज घड्याळ, राउटरचा पासवर्ड, यूपीएनपी बंद, आणि यंत्रांची नावं. उद्या गाळणारा डीएनएस दोन्ही रकान्यांत आणि सहाव्या आवृत्तीतही. आठवडाभर तसंच चालू द्या, कोण काय कुरकुर करतं ते बघा. मग वाटलं तर घरातला फिल्टर आणि दुसऱ्या यंत्रावर पाठवलेला लॉग. सगळं एकाच रात्री लावलंत तर काय कशाने बंद पडलं ते कळणार नाही.

आणि काहीतरी बंद पडणारच. माझ्या घरी पहिल्या आठवड्यात मी इतक्या याद्या भरल्या होत्या की कामाच्या बैठकीचं अ‍ॅपच उघडेना. चोर सोडून संन्याशाला फाशी. अशा वेळी फिल्टर बंद करू नका. त्या यंत्राच्या गेल्या दोन मिनिटांतल्या अडवलेल्या नावांची यादी काढा, एकेक नाव मोकळं करून बघा. मुख्य साइट चालू असते, तिने मागवलेलं तिसऱ्याच कोणाचं तरी नाव अडलेलं असतं. मोकळं केलेल्या नावापुढे तारीख आणि कारण लिहा.

घरातल्या माणसांना सांगितल्याशिवाय डीएनएसचा लॉग ठेवू नका, हे माझं ठाम मत. त्या यादीत कोणाचं आजारपण दिसतं, कोणाची नोकरीची शोधाशोध दिसते. मी यंत्रनिहाय तपशील सात दिवसच ठेवतो, त्यानंतर फक्त किती प्रश्न आले आणि किती अडवले एवढे आकडे. मोठ्या माणसांच्या यंत्रांची नावानिशी नोंद बंदच ठेवतो, घातक साइट अडवली तर तेवढी दिसते. पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय असावं; तिथे फिल्टर असू द्या, लॉग नको. टीव्ही, कॅमेरे, बल्ब यांनाही असंच वेगळं नेटवर्क द्या, पण त्यांचा लॉग चालू ठेवा. त्यांच्या रात्री तीनच्या हालचाली बघून घाबरू नका, बहुतेक वेळा ते अपडेट शोधत असतात. एखादा बल्ब रोज त्याच नावाला विचारत असेल तर ते त्याचं नित्यकर्म. महिनाभर शांत असलेला बल्ब अचानक नवनवीन नावं विचारू लागला, तर बघा.

ईमेलचं राहिलं. रोजचा लॉग ईमेलवर मागवू नका. तिसऱ्या दिवशी तो न उघडता पुसायची सवय लागते. राउटरला निवडक सूचना पाठवता येत असतील तर तीनच ठेवा: राउटरच्या पानावर कोणी शिरलं, नवं यंत्र जोडलं गेलं, आणि वर सांगितलेल्या सापळ्याला काही लागलं. लावल्यावर स्वतःच तपासा. लॅपटॉपवरून बाहेरच्या एखाद्या पत्त्याला २३ पोर्टवर टेलनेट करून बघा. सूचना आली नाही तर राउटरमधल्या मेलच्या सेटिंगमध्ये घोळ आहे, आणि तो खरी वेळ येण्याआधीच सापडलेला बरा.

इतकं करून जमलं नाही तर राउटरचं मॉडेल आणि अर्ध्या तासाचा लॉग इथे टाका, मी बघतो. टाकण्याआधी तुमचा सार्वजनिक आयपी पत्ता आणि सगळे मॅक पत्ते खोडा. फक्त मॅकमधलं दुसरं अक्षर तेवढं राहू द्या.